उठता येईल अशी खुर्ची

"काढा! अगो, काढा मला हितनं! गिळलान् मला ह्या मेल्यानं!"

ओरडत होते माझे सासरे. आणि मेला म्हणजे कोणी माणूस नव्हे, आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्क बाईंच्या हॉलमधला सोफा. बाबांचे गुडघे कानांच्या रेषेत आले होते, काठी हवेत होती आणि बाकीचा सहा फुटी माणूस त्या फोमात कुठे गडप झाला होता ते देवाला ठाऊक. एका हाताला मी, दुसऱ्या हाताला माझा नवरा, मागून काखेत हात घालून बाईंचे यजमान. बाई स्वतः पोह्यांची बशी तशीच हातात धरून, "सांभाळून हो, सांभाळून," म्हणत होत्या. बाबांना म्हणत होत्या की सोफ्याला, ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी निघाले ते एकदम. लावणीच्या दिवसांत शेतात रुतलेलं चाक सुटताना जो आवाज होतो, तो झाला. मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर आरडाओरडा ऐकून शेजारच्या ब्लॉकमधली दोन माणसं धावत आली, तेही सांगितलं असतं. आली होती, पण ते सोडा.

पोहे कोणी खाल्ले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा बाई दारात उभं राहून सोफ्याची उशी थोपटत होत्या. म्हणाल्या, "बघा, इतकी वर्षं झाली, एक सुरकुती नाही."

रिक्षात बाबा गप्प होते. आमचे बाबा गप्प म्हणजे समुद्रानं गाज बंद करण्यातला प्रकार. मारुती मंदिराच्या सर्कलला रिक्षा वळली तेव्हा बोलले.

"थोरल्याला फोन लाव. म्हणावं, ये नि ने मला."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. फोन काही कोणी लावला नाही.

आता हे सगळं कशावरून, ते सांगते. बाबा जन्मभर ट्रकवर. मोसमात आंबा भरायचा नि पालीवरून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. बाकी वर्षभर चिरा, कौलं, सिमेंट, मिळेल ते. त्या घाटातल्या प्रत्येक वळणाला त्यांनी ठेवलेलं एकेक नाव आहे आणि त्यांतलं एकही चारचौघांत सांगण्यासारखं नाही. असा माणूस पावसाळ्यात आमच्याच अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवर, शेवाळावरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, झकास झालं. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता खाली बसायचं नाही, मऊ बसायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उठायचं ते आपलं आपण. कोणी हात धरून उठवत राहिलं तर पाय कायमचा आळशी होईल.

इथपर्यंत ठीक. पण मी नि नवरा दोघंही नोकरीवर. सकाळी जातो ते संध्याकाळी येतो. मधला दिवसभर घरात बाबा एकटे. बसले आणि उठता आलं नाही तर? म्हणून मुंबईहून भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, हुकूम काढला: "दसरा झाला की मी येतो. कोणी हात न लावता बाबा उठत असतील तर राहू देत तिथे. नसतील, तर मी त्यांना घेऊन जाणार. माझ्याकडे बटणावर उठवणारी खुर्ची आहे. बटण दाबलं की माणूस उभा."

बाबांना मुंबईचं नाव काढलं की घाम फुटतो. मागे एकदा गेले होते. भाऊजींच्या बाराव्या मजल्यावर खिडकीशी बसले, आणि परत आल्यावर विचारलं काय बघितलंत, तर म्हणाले, "समोरच्या खिडकीत एक म्हातारा बसलेला. तो मला बघी, मी त्याला." एवढंच. अशा माणसानं रिक्षात बसून "ने मला" म्हणावं, म्हणजे चार माणसांत ओढून काढल्याचं त्यांना किती लागलं असेल ते बघा.

मी फार गुणाची सून आहे असं समजू नका. बाबा गेले तर माझ्याशी भांडायला घरात कोण उरलं? नवरा बोलत नाही. त्याच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीवर चेंडू टाकण्यासारखं आहे, आणि चेंडू निदान परत तरी येतो. बाबा कसं, मी एक बोलले की तीन बोलतात. माझी जीभ शाबूत राहिली आहे ती त्यांच्यामुळे.

तर खुर्ची हवी होती. तुम्ही म्हणाल, त्यात काय, दुकानातून आणा. आणल्या की! प्लास्टिकची आणली, बाबांनी हातावर भार दिला की ती लादीवरून मागे पळते. लाकडी आणली, ऑपरेशनच्या जागी टोचते, चहा पिऊन होईस्तोवर बसवत नाही. औषधांच्या दुकानातली लोखंडी आणली, तर तिच्या बैठकीला मधोमध झाकण होतं. ती बघून बाबांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. बाकी तयार खुर्च्या सगळ्या त्यांच्या पोटरीपर्यंत. मापानं बांधून घेणं हाच एक मार्ग होता.

"क्वालिफाइड माणूस बघा," भाऊजी फोनवर म्हणाले. "त्याचं सर्टिफिकेट बघा, आधीचं काम बघा, मगच द्या."

रत्नागिरीत तुम्ही नुसतं म्हणा, मला सोफावाला हवाय. संध्याकाळपर्यंत शहरातल्या निम्म्या लोकांचा मेहुणा सोफावाला निघतो. उरलेल्या निम्म्यांचा मेहुणा असतो पण तो मुंबईला असतो, "गणपतीत आला की देतो करून." मी मेहुण्यांना बाजूला ठेवलं आणि सरळ मोठ्या शोरूमवाल्याकडे गेले. गोरागोमटा माणूस, अत्तर लावलेलं. भिंतीवर चौकटीत सर्टिफिकेटं इतकी, की भिंत कुठल्या रंगाची आहे ते सांगता यायचं नाही. त्यानं मला फोमचे तुकडे दाखवले. मी आपलं प्रत्येक तुकडा अंगठ्यानं दाबून बघितला आणि एक तर चक्क नाकाला लावला. तो बघतच राहिला. काय करणार? आम्हाला जन्मापासून एवढी एकच परीक्षा येते. आंबा असो, फोम असो, जावई असो.

"मॅडम, माझं काम जाऊन बघा ना," तो म्हणाला आणि त्यानं घरंच सांगितली. त्यांतलं एक हेडक्लार्क बाईंचं निघालं.

मग आम्ही बाबांना घेऊन सोफे बघायला निघालो. अगदी मुलगी बघायला जातात तसं: रविवार, इस्त्रीचा शर्ट, पाहुणचार, आणि बाबांनी बसून बघायचं. पहिल्या घरी सोफ्यावरचं कारखान्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. बाबा टेकले ते घसरत घसरत थेट टीपॉयपर्यंत आले. नवऱ्यानं पायानं अडवलं म्हणून थांबले, नाहीतर दारातून बाहेर गेले असते. दुसऱ्या घरातल्या आजी सोफा दाखवायला लागल्या. चादर काढली, तिच्याखाली क्रोशाचं कव्हर. ते काढलं, त्याच्याखाली जुनी साडी. ती काढली तर खाली आणखी एक चादर. प्रत्यक्ष सोफ्याचं दर्शन होईतो चहा गार झाला. गाभाऱ्यातसुद्धा इतका उशीर लागत नाही. बाबा म्हणाले, "नको, ह्याच्यावर बसायला सोवळं नेसून यायला पाह्यजे." आणि आजींच्याच झोपाळ्यावर टेकले.

तिसरं घर हेडक्लार्क बाईंचं. ते सांगितलंच.

तरी त्या शोरूमवाल्यालाच काम द्यायचं माझ्या मनात होतं. सगळीकडे काम कसं नवंकोरं! टाका उसवलेला नाही, कापड ढिलं नाही. बाबांना गिळलं ते बाईंनी मऊ मागितलेलं म्हणून. आपण कडक सांगू. असा माझा हिशेब. आणि तो किती मूर्ख हिशेब होता ते मला रात्री भांडी घासताना कळलं. नवंकोरं असणारच! त्यावर कोणी बसलंय कधी? आमच्याकडे सोफा घेतात तो बसायला थोडाच? घरची माणसं बसतात पायरीवर, झोपाळ्यावर, उंबऱ्यात, पलंगाच्या कडेवर. सोफा असतो पाहुण्यांना, आणि पाहुणे येतात ते "नको नको, आम्ही इथेच बरे," म्हणत खुर्चीवर बसतात. मी त्या माणसाचं काम नव्हे, रत्नागिरीच्या बायकांची झाकपाक बघून आले होते.

मग काम बघायचं कुठे? जिथे लोक खरोखर बसतात तिथे. रोज, दिवसभर, कसेही.

ती जागा मी शोधली असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर आम्ही आपले बाबांना तपासायला घेऊन गेलो होतो. हाडांच्या डॉक्टरांकडे बाहेर भिंतीला लागून लांबलचक बाक आहे, चॉकलेटी रेक्झिनचं. त्या बाकावर अख्ख्या तालुक्यातले मोडके खुबे, वाकडे गुडघे आणि धरलेल्या कंबरा बसून गेल्या आहेत. खुद्द भूमीनं एवढा भार सोसला नसेल. नर्सनं बाबांचा नंबर पुकारला. मी पर्स सावरून त्यांना हात द्यायला वळले, तर बाबा बाकावर नव्हतेच. ते डॉक्टरांच्या दारात पोचले होते.

मी ओरडणार होते. नवऱ्यानं माझा हात दाबला. बाबांना स्वतःला काही कळलं नव्हतं. त्यांचं डोकं एक्स-रेत होतं. ते आत गेल्यावर मी बाकावर बसले. उठले. परत बसले. अंगठ्यानं दाबलं. मग सरळ गुडघ्यांवर बसून खालून बघितलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, काही पडलंय का?"

आमच्याकडचा खारा वारा पिना खातो, स्प्रिंगा खातो, माणसाला सोडतो हेच नशीब. पण त्या बाकाखाली गंजाचा एक डाग नव्हता. पट्टे ताठ. रेक्झिन झिजून चकचकीत झालेलं, पण बसका खड्डा कुठेही नाही.

"हे बाक कोणी बांधलं हो?" मी नर्सला विचारलं.

"ते होय? पालीच्या रस्त्याला ट्रकच्या सीटा बांधतात ना, त्यांनी. डॉक्टरांचं नि त्यांचं बोलणं नाही पण."

"का?"

"डॉक्टरांनी निळा रंग सांगितला होता."

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"तो? त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाय."

"पाय नका ठेवू. तुम्हाला बसायचंच आहे."

"थट्टा करू नको गो. त्यानं माझ्या गाडीची सीट बांधलेली. मऊ सांगितली, दगड दिलान् मेल्यानं. पालीपासून साखरप्यापर्यंत एकेक खड्डा मी मणक्यावर मोजलाय."

"आणि साखरप्याच्या पुढे?"

"फुडं घाट. घाटात मोजायला येळ कुठला?"

"मग मुंबईला चला. तिथे बटण आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी घालून, काठी घेऊन पलंगाच्या कडेवर तयार बसले होते.

सीटवाल्याचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. आत ट्रकच्या सीटांचे सांगाडे, रेक्झिनचे गठ्ठे, काथ्याचा ढीग, आणि बसायला आंब्याच्या रिकाम्या पेट्या. माणूस बाबांच्याच वयाचा, पण आडवा. मिशी अशी, की तिच्यात दाभण खोचून ठेवलं तरी सापडू नये. बाबांना बघून त्यानं हातातली कात्री खाली ठेवली नाही.

"काय रे ड्रायव्हर, मेला नाय अजून?"

"तुझ्या सीटवर बसून पण जगलो," बाबा म्हणाले.

"माझ्या सीटवर? माझी सीट तू फाडलीस. आत बायकोची उशी घातलीस. अख्ख्या पालीनं बघितली. लोक मला इचारीत, काय हो, आता उशा भरता काय?"

"मग दगड कशाला भरलेलास?"

"दगड भरला म्हणून इतकी वर्षं गाडी हाकलीस. मऊ दिली असती तर तेव्हाच मोडला असतास, नि आता नुसत्या पायरीवर मोडलास होय!"

मी मध्ये पडले. खुर्ची कशासाठी हवी ते सांगितलं. दसऱ्याचं सांगितलं, मुंबईचं सांगितलं. तेवढ्यात बरोबर भाऊजींचा व्हिडिओ कॉल आला. ते अशा वेळी कसे उगवतात मला माहीत नाही, त्यांना वास येत असावा. मी फोन सीटवाल्यासमोर धरला.

"नमस्कार," भाऊजी म्हणाले. "आपलं क्वालिफिकेशन काय?"

"सातवी नापास."

"नाही, तसं नाही. या कामातलं विचारतोय."

"ह्या कामात अजून निकाल लागायचाय. लोक बसलेत पेपर द्यायला."

"अहो, पण काही सर्टिफिकेट, काही गॅरंटी?"

"तुमच्या खुर्चीला बटण हाय म्हणे. लाइट गेली की तुमची खुर्ची काय करते?"

भाऊजींचा चेहरा पडद्यावर तसाच थांबला. रेंज गेली होती असं ते नंतर म्हणाले. रेंज पुरी होती.

मी त्याच्याकडच्या दोन जुन्या सीटा बघितल्या, दुरुस्तीला आलेल्या. एक त्यानं माझ्यासमोर उलटी करून फाडली आणि आत काय आहे ते दाखवलं: खाली पट्टे, वर काथ्या, त्यावर कडक फोम आणि सगळ्यात वर बोटभर मऊ. दुसरी फाडू नका म्हटलं तर म्हणाला, ही माझी नाय, ही बघाच. आणि तीही फाडली. आतून चिंध्या, पेंढा आणि एक बनियन निघालं. ज्या गिऱ्हाइकाची होती ते बाहेरच चहा पीत उभं होतं. तिथं झालेलं भांडण मी लिहीत नाही, कागद जळेल.

मग माप. त्यानं भिंतीचं, खोलीचं, कशाचंच माप घेतलं नाही. आंब्याची एक पेटी आडवी ठेवली, तिच्यावर फळी, फळीवर गोणपाटाची घडी. बाबांना बसवलं.

"ऊठ."

बाबांनी पेटीच्या कडेला हात लावले. आमच्याकडे बघितलं. कपाळावर घाम आला. थोडे वर आले. परत खाली बसले. आणि एकदम मला म्हणाले, "हात दे गो." मी पुढे झाले तशी सीटवाल्यानं कात्री आडवी धरली.

"वहिनी, तुम्ही दोघं भाईर जा."

"अहो, पण ते पडले तर—"

"पडला तर मी उचलीन. भाईर जा. सून नि मुलगा बघत बसल्यावर म्हातारा काय उठतोय? परीक्षेला बसवलाय काय त्याला?"

आम्ही बाहेर हायवेच्या कडेला उभे राहिलो. आतून पेट्यांचे आवाज येत होते, फळ्यांचे आवाज येत होते, आणि दोन म्हाताऱ्यांच्या शिव्या येत होत्या. त्यांतल्या काही मला नव्या होत्या. घाटातल्या वळणांची नावं असावीत. मधूनच शांतता व्हायची. मग परत, "मेल्या, अजून एक फळी घाल!" "घालीन नाय तर! तुझे पाय लोंबकळतील, हनुमानासारखा उडत जाशील!" मी नवऱ्याला म्हटलं, आत जाऊ का? नवरा म्हणाला, "नको." त्या दिवसातलं त्याचं हे एकच वाक्य, पण मोक्याचं.

बाबा बाहेर आले तेव्हा एका हातात काठी होती, दुसरा सीटवाल्याच्या खांद्यावर होता. आत उठले की नाही, विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं असतं तरी दोघांनीही सांगितलं नसतं.

खुर्ची तयार झाली ती नेमकी पितृपक्षात. सीटवाल्यानं फोन केला, घेऊन जा. बाबा म्हणाले, पक्ष पंधरवड्यात नवी वस्तू घरात यायची नाय. मी म्हटलं, बाबा, दसरा आला, सराव कधी करणार? तर म्हणाले, "सराव करायला मी काय कबड्डी खेळतोय?" शेवटी घट बसले त्या दिवशी सीटवाला स्वतः टेम्पोतून खुर्ची घेऊन आला.

मी ती बघितली. मी सांगितलं होतं फिकट बदामी, पडद्यांना शोभेल असं. आली ती लालभडक, पांढरी किनार, पाठीला पिवळा चौकोन. आमचा हॉल नव्हे, बारा चाकी ट्रकची केबिन. फक्त समोर काच आणि लिंबू-मिरची बांधायची बाकी.

"अहो, रंग!"

"ह्या रेक्झिनला बुरा लागत नाय," तो म्हणाला. "तुमच्या बदामीवर पुढच्या श्रावणात अळंबी उगवली असती." आणि खुर्ची नेमकी दरवाज्यातून रस्ता दिसेल अशी ठेवून चहा न घेता गेला.

बसायला सुरेख होती, ते मान्य केलं पाहिजे. उंच, कडक, हात चांगले पुढे आलेले. त्यांवर भार दिला की शरीर आपोआप पुढे येतं. मी उठत होते. नवरा उठत होता. उठत नव्हते ते बाबा. म्हणजे आमच्यासमोर. आम्ही घरात असलो की हुं नाही की चूं नाही, दगडासारखे बसून राहायचे आणि शेवटी, "हात दे गो." संध्याकाळी आले की मी आडून विचारायची, दुपारी जेवलात का? जेवलो. ताट तुम्हीच आणलंत? ताट तिथंच होतं. अर्धं उठले होते की पुरं, की सकाळपासून बसूनच होते, काही पत्ता लागेना.

मी एकदा ऑफिसला जाताना मोबाईल मुद्दाम कपाटावर उभा करून, व्हिडिओ चालू करून विसरले. संध्याकाळी येऊन बघते तर बाबा खुर्चीत बसून सरळ मोबाईलकडे बघताहेत. बॅटरी संपेपर्यंत नुसते बघताहेत. पापणीसुद्धा हलवली नाही.

"तुझा मोबाईल इसरलीस ना," ते म्हणाले. "राखीत बसलो."

दसरा झाला. भाऊजींचा फोन आला की मी निघालो, आणि परतीची दोन तिकिटं काढली आहेत. दोन. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "काढणारच. त्याला काय." मी त्यांचे कपडे काही भरले नाहीत. पण कपाटातली त्यांची बॅग खाली काढून पुसून ठेवली, हे कबूल करते. बाबांनी ती बघितली आणि मान वळवली. त्या रात्री आम्ही भांडलो नाही. घर इतकं शांत होतं की फ्रिजचा आवाज नकोसा झाला.

भाऊजींची गाडी दुपारची. नवरा त्यांना आणायला स्टेशनवर गेला आणि मी अर्धी रजा टाकून घरी निघाले. रिक्षातून उतरते तो समोरून हे दोघे आले. आम्ही तिघंही एकदमच फाटकातून आत शिरलो. पुढचं दार उघडं. खुर्ची दारासमोर, लालभडक. रिकामी.

"बाबा?" भाऊजींनी हाक मारली. मग जोरात. मग जी मारली ती मुंबईच्या बाराव्या मजल्यावर त्यांच्या बायकोला ऐकू गेली असेल.

मी स्वयंपाकघरात धावले. नवरा मोरीत. भाऊजी परसात विहिरीकडे पळाले आणि तिकडून माझ्या नावानं ओरडायला लागले, "हे तुमचं बघणं? ही तुमची खुर्ची? पडले असतील कुठेतरी! कोणी उठवलं त्यांना? एकटा माणूस, ऑपरेशनला जेमतेम दोन महिने—" मला रडू आवरेना आणि राग तर त्याहून आवरेना. मी पण ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारचा कुत्रा पळून गेला.

तेवढ्यात फाटक वाजलं. आम्ही तिघंही ओटीवर धावलो.

बाबा आत आले. डोक्याला टोपी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात नायलॉनची पिशवी. पिशवीतून पाणी ठिबकत होतं. पायरीशी थांबले, काठी आधी ठेवली, मग चांगला पाय, मग दुखरा, चढले. ओटीवर आले आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं.

भाऊजींचा आवाज फुटला होता. "बाबा! अहो, कुठे गेला होतात? एकटे? तुम्हाला उठवलं कोणी?"

बाबांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"बांगडा आला होता."